सत्यवतीचा आवाज

महाभारतातली सत्यवती कोळ्याची लेक. बाप दाशराज, म्हणजे नावाड्यांचा मुखिया, आणि ती स्वतः नदीवर नाव वल्हवणारी. अंगाला मासळीचा वास, म्हणून मत्स्यगंधा. पराशर ऋषींच्या वराने तो वास जातो, त्या जागी सुगंध येतो आणि त्यानंतरच हस्तिनापूरच्या राजाची नजर तिच्यावर पडते. डहाणूच्या किनाऱ्यावर, आगरसारख्या गावात वाढलेल्या माणसाला या कथेतला हा तपशील असा सहज ओलांडून पुढे जाता येत नाही. डहाणू खाडीपासून वर तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत आमचा सगळा किनारा मांगेल्यांचा, बोंबील-पापलेटचा. इथे मासळीच्या वासावर घरं उभी राहिली, मुलं शिकली, लग्नं झाली. तरीही पाटी घेऊन बाजाराला निघालेली बाई लोकलमध्ये चढली की शेजारची बाई पदर नाकाला लावून सरकून बसते. २०१३ साली विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल आली, तेव्हापासून हे दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. पाटीवाली काही बोलत नाही. खिडकीबाहेर बघत राहते.

म्हणून मत्स्यगंधा मला कधीच पुराणातली वाटली नाही. राजवाड्यात जागा हवी असेल तर ज्या वासात वाढलीस तो आधी बाहेर ठेवून ये, असं जिला सांगितलं गेलं, ती आमच्यातलीच एक. आणि या बाईला मराठीत जिने आवाज दिला, त्या आशालता वाबगावकरांच्या आयुष्याकडे मी याच वाटेने वळलो.

१९६४ साली दि गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आणलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. पराशराच्या भूमिकेत रामदास कामत आणि सत्यवतीच्या भूमिकेत बावीस-तेवीस वर्षांच्या आशालता. जन्म गोव्याचा, २ जुलै १९४१चा. शिक्षण मुंबईत, गिरगावच्या परिसरात झालं. मंत्रालयात नोकरी करत त्यांनी पदवी घेतली, पुढे मानसशास्त्रात एम.ए. केलं. मुंबई आकाशवाणीवर कोंकणी गाणी गायच्या. त्या गळ्याची आणि त्या चेहऱ्याची पारख गोपीनाथ सावकरांनी केली आणि ‘संगीत संशयकल्लोळ’मधली रेवती त्यांच्याकडे आली. रेवती ही नाट्यसंगीताच्या शाळेतली मोठी परीक्षा. आधी कितीतरी जणींनी ती गाऊन ठेवलेली, प्रेक्षकाच्या कानात प्रत्येक जागा पक्की बसलेली. सत्यवतीचं तसं नव्हतं. नाटक नवं, पदं नवी, चाली नव्या. तुलना करायला मागे कुणी नव्हतं. मागे कुणी नसणं हेही सोपं नसतं, कारण सावरायलाही कुणी नसतं.

अभिषेकीबुवा शास्त्रीय गाण्यात मुरलेले, पण ‘मत्स्यगंधा’त त्यांनी चाली बांधल्या त्या नाटकातल्या माणसांसाठी. पद सुरू झालं की नाटक थांबायचं आणि मैफल सुरू व्हायची, ती जुनी रीत त्यांनी मोडली. पद आटोपशीर झालं. शब्द पुढे आले, ताना मागे गेल्या. अशा पदांना गायिका हवी ती कोणत्या क्षणी कोण गातंय याचं भान असणारी. मला वाटतं, आशालताबाईंचं मोठेपण इथे आहे. त्यांच्याहून तयारीच्या गायिका त्या काळात होत्या. पण सत्यवती रानात पहिल्यांदा प्रेमात पडते तेव्हाचा आवाज आणि सगळं हातातून गेल्यावर आयुष्याचा हिशेब मांडायला बसते तेव्हाचा आवाज, हे दोन्ही एकाच गळ्यातून इतके वेगळे काढायचे, याला नुसती तयारी पुरत नाही. पहिल्या पदात स्वर हलका आहे, शब्दांच्या कडा मऊ आहेत, श्वास कुठे घेतला ते कळत नाही. दुसऱ्यात तीच बाई प्रत्येक शब्द जमिनीवर ठेवून पुढे जाते. आर्जव नाही, रडणंही नाही. दमलेली माणसं जशी सावकाश आणि नीट बोलतात तसं ते गाणं आहे.

नाटक मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीचं ते. पदं मात्र आकाशवाणीवरून घरात येत राहिली. सकाळी नाट्यसंगीत लागायचं तेव्हा आत्या अंगणात सुक्या बोंबलाची निवड करत बसलेली असायची. चांगले एका बाजूला, मोडके दुसऱ्या बाजूला. सत्यवतीचं शेवटचं पद लागलं की तिचा हात थांबे. पद संपलं की पुन्हा सुरू. ती शाळेत फार गेलेली नव्हती, महाभारत तिला कीर्तनातून ठाऊक होतं. एकदा एवढंच म्हणाली, “आपल्यातली पोर राणी झाली, पण तिला भेटलं काय?” कानेटकरांनी तीन अंकांत जे मांडलं त्याचं मर्म तिला त्या पदातूनच कळलं होतं. गायिकेचं नाव तिला माहीत नव्हतं.

आणि गंमत नव्हे, दुःखाचीच गोष्ट म्हणायची, की तीच गायिका पुढे आत्याला रोज दिसू लागली, तरी ती हीच हे तिला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

आशालताबाई आमच्या गावात पोचल्या त्या आई होऊन. ऐंशीच्या दशकात इथे ज्यांच्याकडे टीव्ही आला त्यांनी चिकूच्या शेंड्याहून उंच बांबू उभारून अँटेना मुंबईच्या दिशेने वळवल्या. वारा सुटला की चित्राला मुंग्या येत, मग एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खालून ओरडायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, गडीमाणसं घरी. मग टीव्ही असलेल्या ओटीवर अर्धी आळी जमायची. त्या पडद्यावर हिंदी-मराठी सिनेमांतून एक बाई सारखी दिसे. गोल चेहरा, मोठं कुंकू, डोळ्यांत समजूत. कधी नायकाची आई, कधी वहिनी, कधी मावशी. १९८० साली बासू चॅटर्जींनी ‘अपने पराये’तून त्यांना हिंदीत आणलं आणि त्या भूमिकेसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पुरस्काराचं नामांकनही मिळालं. पुढे ‘वो सात दिन’, ‘अंकुश’ आणि असे कितीतरी. मराठीत ‘उंबरठा’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘माहेरची साडी’. मग मालिका आल्या, ‘महाश्वेता’ आली, ‘कुलवधू’ आली. हिंदीत शंभराहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर जमा झाले आणि सोज्वळ आई ही त्यांची ओळख पक्की झाली.

या आया त्यांनी मनापासून केल्या. त्यांना कमी लेखावं असं मला मुळीच वाटत नाही. त्यांचं बोलणं नीट ऐकलं तर गाणारी बाई त्यात सापडते. वाक्याचं शेवटचं अक्षर त्या गिळत नसत. रागाच्या वाक्यातही स्वर चढवण्याआधी एक विसावा असे, समेआधी घेतात तसा. मुलाला दारातून हाक मारताना नाव दोन सुरांत म्हणत. पण हे शोधून ऐकावं लागतं. गाण्याची म्हणून जी जागा हवी, ती त्यांना छोट्या पडद्याने क्वचितच दिली.

‘अंकुश’ची तर वेगळीच गोष्ट. एन. चंद्रांचा १९८६चा चित्रपट, त्यातली प्रार्थना आज देशभरच्या शाळांत होते. आमच्याकडच्या आश्रमशाळांतली वारली मुलंसुद्धा हात जोडून ती म्हणतात. गायली सुषमा श्रेष्ठ आणि पुष्पा पागधरे यांनी. पुष्पाबाई सातपाटीच्या. आमच्याच जिल्ह्यातलं हे पापलेटचं गाव. पालघर स्टेशनला उतरून जायचं. महंमद रफींबरोबर त्यांनी गायलेलं दर्याच्या तुफानाचं कोळीगीत इकडे हळदीच्या मांडवात अजून वाजतं. म्हणजे ज्या चित्रपटात मत्स्यगंधेची गायिका नुसती अभिनेत्री म्हणून उभी आहे, त्यातच मासेमारी करणाऱ्या गावातली एक खरी लेक पडद्यामागून गाते आहे. पार्श्वगायनाची रीतच ती, तिला कुणी दोष द्यायचं कारण नाही. पण पालघरच्या किनाऱ्यावरून बघताना ही दोन नावं एका श्रेयनामावलीत वाचली की मी थोडा वेळ थांबतो. एकीला चेहरा मिळाला, एकीला आवाज. चेहरा आणि आवाज एकाच माणसाचे असणं ही संगीत रंगभूमीने शंभर वर्षं जपलेली गोष्ट होती, ती आपण सिनेमाला देऊन टाकली.

टेलिव्हिजनने ही फाळणी आणखी पक्की केली. गाणाऱ्यांसाठी स्पर्धा, अभिनय करणाऱ्यांसाठी मालिका. ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’मधल्या मुलांनी २००८-०९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला वेड लावलं. आमच्याकडेही वीज गेली तर लोक बॅटरीवर टीव्ही लावायच्या खटपटी करत. कार्तिकी, आर्या, मुग्धा ही नावं घरातल्या मुलांसारखी झाली. यातल्या आर्या आंबेकरने पुढे ‘ती सध्या काय करते’मध्ये नायिका केली, पण ती सिनेमात. मालिकेला तिच्या दोन्ही गुणांचं एकदम काम पडलं नाही. स्वानंदी टिकेकर ही आरती अंकलीकरांची मुलगी. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने घराघरांत पोचली ती अभिनेत्री म्हणून. गाते हे लोकांना कळलं ते पुढे अभिनेत्यांसाठी म्हणून गाण्याचा वेगळा कार्यक्रम निघाला तेव्हा. गाता येणाऱ्या अभिनेत्रीला गाण्यासाठी मालिकेतून उठून दुसऱ्या कार्यक्रमात जावं लागतं, हे आपल्या वाहिन्यांच्या लेखकांना खटकायला हवं. ज्या भाषेत किर्लोस्कर, देवल, खाडिलकर झाले त्या भाषेतल्या मालिकेत एखादी सासू, एखादी आजी, दुपारी तांदूळ निवडताना पद गुणगुणते, एवढी जागाही कुणी लिहीत नाही. लिहिली असती तर आशालताबाईंना फक्त तोंड उघडायचं होतं.

राजवाड्यात घेताना सत्यवतीकडून जे मागितलं गेलं तेच त्यांच्याकडूनही मागितलं गेलं, असं मला वाटतं. आई म्हणून या, गाणं दाराबाहेर राहू द्या. त्यांनी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही. त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं, आणि त्याला नाव दिलं ते सत्यवतीच्या पदातलं: ‘गर्द सभोवती’. शंभरावर चित्रपट केलेल्या बाईने आयुष्याच्या हकिकतीला नाव शोधताना एकाही सिनेमाकडे, एकाही मालिकेकडे पाहिलं नाही. परत गेली ती १९६४च्या त्या रानात. यापेक्षा स्पष्ट त्या आणखी काय सांगणार होत्या?

मग २०२० साल आलं. मार्चमध्ये लोकल बंद झाली, चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरली नाही. आदिवासी, कोळी, वाडवळ, गुजराती, सगळ्यांची ती देवी. तिच्या पायथ्याशी त्या वर्षी पाळणे लागले नाहीत, दुकानं लागली नाहीत. टीव्हीवर जुने भाग पुन्हा पुन्हा लागत होते. राज्य सरकारने ३० मे रोजी चित्रीकरणाला परवानगी दिली, पण ६५ वर्षांवरच्या कलावंतांना सेटवर यायला मनाई केली. त्याविरुद्ध एक सत्तर वर्षांचा अभिनेता मुंबई उच्च न्यायालयात गेला. छोट्या भूमिका करून पोट भरणारा माणूस, दुसरा धंदा माहीत नाही, घरी बसून खाणार काय, हा त्याचा प्रश्न. ७ ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. मला तो निकाल बरोबर वाटला होता आणि आजही वाटतो. म्हाताऱ्या माणसाला कामावरून उठवणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे. आमच्याकडे सत्तरीची बाई पाटी घेऊन बाजारात बसते ती हौसेने बसत नाही, आणि बसू नको म्हटलं तर तिचा अपमान होतो. पण काम करण्याचा हक्क मिळाला की ते काम सुखरूप करता येईल याची जबाबदारी कामावर बोलावणाऱ्यांवर येते. हा दुसरा भाग त्या निकालानंतरच्या आनंदात कुणी मोठ्याने बोललं नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर सोनी मराठीवर ‘आई माझी काळूबाई’ सुरू झाली. मांढरदेवीच्या काळूबाईची कथा, चित्रीकरण साताऱ्याकडे, निर्मिती अलका कुबल यांची. जत्रा चुकलेल्या आमच्या बायकांनी ती मालिका भक्तीने लावली. देवी साताऱ्याची असली म्हणून काय झालं, त्या वर्षी जिचं दर्शन होईल ती आपली. त्यात एकोणऐंशी वर्षांच्या आशालताबाई होत्या. मालिका नीट रुजायच्या आतच सेटवरच्या पुष्कळांना कोरोनाची लागण झाल्याची बातमी आली. आशालताबाईंना साताऱ्यातल्या रुग्णालयात हलवलं. अलका कुबल त्यांची विचारपूस करत तिथेच थांबल्या होत्या. २२ सप्टेंबर २०२०, मंगळवारी पहाटे बाई गेल्या. अंत्यसंस्कारही साताऱ्यातच झाले. गोव्यात जन्म, मुंबईत आयुष्य, आणि शेवट कामावर असताना, परक्या गावी.

त्या दिवशी वाहिन्यांनी त्यांना चित्रपटांतली सोज्वळ आई म्हणून निरोप दिला. पट्ट्यांवर सिनेमांची नावं सरकत होती. मग एका वाहिनीने मध्येच ‘मत्स्यगंधा’तलं पद लावलं. आत्या तोवर पंच्याहत्तरी ओलांडलेली, ऐकायला कमी आलेलं, तरी आवाज तिने ओळखला. “ही ती?” असं तिने मला विचारलं. पडद्यावरचा चेहरा आणि कानातला आवाज तिने इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र पाहिले, आणि तेही बाई गेल्यावर. तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. मला मात्र त्या प्रश्नाचा राग आला. आत्याचा नव्हे. ज्या माध्यमाने चाळीस वर्षं हा चेहरा आमच्या ओटीवर आणून दिला, त्याला एवढं सांगायला सवड होऊ नये की ही बाई गाते, हीच ती सत्यवती!

मृत्यूनंतर हळहळ पुष्कळ झाली. वयस्क कलावंतांच्या सुरक्षिततेवर चार दिवस चर्चाही झाली. आता लस आली, मुखपट्ट्या गेल्या, आणि तो प्रश्नही आपण त्या सालाबरोबर मागे टाकला. तो मात्र कोरोनाबरोबर आलेला नव्हता आणि त्याच्याबरोबर गेलेलाही नाही. रोजच्या मालिकेत रोज एक भाग द्यावा लागतो, चित्रीकरण दहा-बारा तास चालतं, जागा शहरापासून लांब असते, कारण तिथे वाडा स्वस्तात मिळतो. तरुण नायिका त्यात दमते, मग आजीची भूमिका करणाऱ्या बाईचं काय होत असेल? तिला बसायला खुर्ची, वेळेवर जेवण, जवळ डॉक्टर आणि स्वतःच्या नावाचा विमा, एवढ्या साध्या गोष्टी तिच्या करारात लिहिलेल्या असायला हव्यात. त्या मिळतात की नाही हे निर्मात्याच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. चांगली माणसं या धंद्यात आहेतच. शेवटच्या दिवसांत उशाशी थांबणारी माणसं आशालताबाईंनाही मिळाली. पण चांगुलपणा हा नियमाच्या वर असावा, नियमाच्या जागी नसावा.

दुसरं मागणं वाहिन्यांकडे. संगीत नाटकात उभं राहून गायलेल्या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. पराशराची पदं गाणारे रामदास कामतही जानेवारी २०२२ मध्ये गेले. ज्या आहेत त्यांना आजीच्या भूमिकेसाठी बोलावता, तर त्याच सेटवर अर्धा तास जास्त थांबवा, पेटी-तबला मागवा, आणि त्यांच्या मनातली दोन पदं कॅमेऱ्यासमोर गाऊन घ्या. गळा थकला असेल, तरी घ्या. जागा कशी घ्यायची, शब्द कुठे सोडायचा, समोरच्या पात्राकडे कधी बघायचं, हे त्या थकल्या गळ्यालाच ठाऊक आहे. कुठल्याही स्पर्धेतल्या परीक्षकाकडून मुलांना हे मिळणार नाही.

आणि तुम्हा वाचकांकडे, विशेषतः डहाणू-तलासरीच्या, सातपाटी-झाईच्या वाचकांकडे, एक विनंती. ‘मत्स्यगंधा’तल्या आशालताबाईंच्या पदांची ध्वनिमुद्रणं आजही मिळतात, मोबाइलवर शोधली तरी सापडतात. ती घरातल्या मुलींना ऐकवा. ऐकवताना गाणारीचं नाव सांगा, आणि सत्यवती कुणाची लेक होती तेही सांगा.